कर्णधारपद सोडल्यावरची कप्तानी

मेलबर्नचे एमसीजी म्हणजे आपल्यासाठी बॉक्सिंग डे कसोटीचे मैदान. सचिन, सेहवाग, रहाणे यांची तिथली शतके आपण भल्या पहाटे उठून टीव्हीवर पाहिलेली आहेत. पण मेलबर्नच्या माणसाला विचारले तर तो सांगेल की हे मैदान वर्षातला बराच काळ क्रिकेटचे नसतेच. हिवाळा लागला की तिथे वेगळाच खेळ सुरू होतो. चेंडू अंडाकृती, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. हातात चेंडू घेऊन पळता येते, पण तो फेकायचा नाही, मुठीने टोलवायचा. याचे नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिथले लोक नुसते ‘फुटी’ म्हणतात. सप्टेंबरअखेरच्या अंतिम सामन्याला एमसीजीवर लाखाच्या घरात माणसे जमतात.

या खेळात अ‍ॅडम गुड्स नावाचा एक कर्णधार होऊन गेला. सिडनी स्वान्स संघाकडून ३७२ सामने, ४६४ गोल, दोन अजिंक्यपदे, सर्वोत्तम खेळाडूचे पदक दोनदा. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही आणि त्यात नवलही नाही, हा खेळ ऑस्ट्रेलियाबाहेर कुणी खेळतच नाही म्हटले तरी चालेल. पण त्याच्या कारकिर्दीचा शेवट ज्या पद्धतीने झाला, तो आकड्यांत मावत नाही. ज्या गॅलरीने त्याला डोक्यावर घेतले, त्याच गॅलरीने शेवटच्या दोन वर्षांत त्याची हुर्यो उडवली. पायात चेंडू आला की पन्नास-पन्नास हजार माणसे एका सुरात ओरडायची. आठवड्यामागून आठवडे. हे का झाले, ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

हा खेळ जन्माला आला तो क्रिकेटपटूंसाठी. टॉम विल्स नावाचा व्हिक्टोरिया वसाहतीतला नामवंत क्रिकेटपटू होता. जुलै १८५८ मध्ये त्याने एका क्रीडापत्रिकेला पत्र लिहिले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपले नियम छापले ते १८६३ मध्ये, म्हणजे फुटीचे नियम त्याच्याही आधीचे.

आता गंमत पाहा. हा विल्स वाढला पश्चिम व्हिक्टोरियात, जाब वुरुंग या मूलनिवासी लोकांच्या सोबतीने. त्यांची भाषा तो बोलायचा, त्यांच्या मुलांबरोबर खेळायचा. त्या भागातले मूलनिवासी पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू करून एक खेळ खेळत. चेंडू उंच लाथाडायचा आणि उंच उडी मारून झेलायचा. त्याला ‘मार्नग्रूक’ म्हणतात. मग आजची फुटी मार्नग्रूकमधून आली का? इतिहासकारांत यावर मोठे भांडण आहे. विल्सने तसे कुठे लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे कागदाचा पुरावा मागणारे ‘नाही’ म्हणतात. २००८ मध्ये खेळाला दीडशे वर्षे झाली तेव्हा लीगने अधिकृत इतिहासग्रंथ काढला. त्यात एका इतिहासकार बाईंनी मार्नग्रूकची गोष्ट म्हणजे लोकांना आवडणारी दंतकथा आहे, असे लिहिले. त्याच ग्रंथात दुसरा एक लेख होता, हा खेळ आमच्या पूर्वजांचा आहे असे ठामपणे मांडणारा. तो लेख कुणा प्राध्यापकाचा नव्हता. तो अ‍ॅडम गुड्सचा होता, आणि तेव्हा तो मैदानावर खेळत होता.

माझे मत विचाराल तर कागदाचा पुरावा नाही एवढ्यावरून निकाल देणे मला जड जाते. ज्यांच्याकडे लिपीच नव्हती त्यांच्याकडून दस्तऐवज मागायचा आणि तो मिळाला नाही की दावा फेटाळायचा, ही पद्धत इतिहासात फार सोयीची ठरते. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. लक्षात घ्यायचे ते एवढेच की स्वान्सच्या या खेळाडूला आपण कुठून आलो, याची चौकशी करायची सवय लागली होती. सिडनीत खेळता खेळता त्याने मूलनिवासी इतिहासाचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पुढे त्याच्याविरुद्ध जे उठले, त्याचे मूळ या अभ्यासात आहे असे मला वाटते.

खेळ मूलनिवासींचा असो वा नसो, त्यांना त्यात शिरायला मात्र फार झगडावे लागले. १९२७ मध्ये डग निकोल्स नावाचा योर्टा योर्टा जमातीचा चपळ तरुण कार्लटन क्लबकडे गेला. तिथल्या सहखेळाडूंनी आणि कर्मचाऱ्यांनी त्याच्या रंगावरून नाक मुरडले, आणि त्याला परत पाठवण्यात आले. निकोल्स पुढे फिट्झरॉयकडून खेळले, पाद्री झाले, मूलनिवासींच्या हक्कांच्या चळवळीत आयुष्य घातले आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचे गव्हर्नर झाले. ज्याला एका क्लबने आत घेतले नाही त्याच्या नावाने आज लीगची एक अख्खी फेरी खेळली जाते. साठच्या दशकात ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर यांनी जीलाँगचे कर्णधारपद सांभाळले. पण हे एकटे-दुकटे लोक. ऐंशीच्या दशकात मूलनिवासी खेळाडूंची संख्या वाढली आणि त्याबरोबर गॅलरीतल्या शिव्याही वाढल्या. शिव्या खेळाचाच भाग आहेत, मनावर घ्यायच्या नसतात, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई.

१७ एप्रिल १९९३ रोजी मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डाचा निकी विनमार दिवसभर कॉलिंगवुडच्या समर्थकांच्या शिव्या ऐकत खेळला. सामना जिंकल्यावर त्याने त्याच गर्दीकडे तोंड केले, अंगातली जर्सी वर उचलली आणि आपल्या काळ्या पोटाकडे बोट दाखवले. ते छायाचित्र ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातले सर्वाधिक ओळखीचे क्रीडाचित्र असावे. त्यानंतर कॉलिंगवुडच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जी सारवासारव केली तिचा आशय असा होता की मूलनिवासी गोऱ्यांसारखे वागले तर त्यांचा मानच राखला जाईल. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, एसेंडनच्या मायकल लाँगने कॉलिंगवुडच्याच एका खेळाडूविरुद्ध तक्रार केली आणि ती मागे घ्यायला नकार दिला. त्यातून लीगला वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. नियम चांगला होता, पण त्यात एक फट राहिली. तो खेळाडूंना बांधत होता. गॅलरीचे काय?

विनमारने जर्सी उचलली तेव्हा गुड्स तेरा वर्षांचा होता. त्याचा जन्म ८ जानेवारी १९८० चा, साउथ ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावचा. वडील गोरे, आई अड्न्यामथान्हा आणि नरंगा या मूलनिवासी समाजांची. आईला लहानपणी सरकारी धोरणाखाली घरच्यांपासून तोडण्यात आले होते. मूलनिवासी मुलांना आईबापांकडून उचलून वसतिगृहांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवायचे, म्हणजे एक-दोन पिढ्यांत त्यांची ओळख पुसून जाईल, असा हिशेब होता. या मुलांना ‘चोरलेली पिढी’ म्हणतात. देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून त्याबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये. गुड्स चार वर्षांचा असताना आईबाप वेगळे झाले. आईने तीन मुलांना घेऊन गावे बदलली. अ‍ॅडमला आवड होती ती आपल्या ओळखीच्या फुटबॉलची, म्हणजे सॉकरची. व्हिक्टोरियात राहायला आल्यावर आसपास सॉकर नव्हता म्हणून तो फुटी खेळू लागला. पुढे हॉर्शमला असताना त्याचा खेळ निवडकर्त्यांच्या नजरेत भरला.

१९९७ च्या खेळाडू निवडीत स्वान्सने त्याला घेतले ते त्रेचाळिसाव्या क्रमांकावर. म्हणजे बेचाळीस पोरांना त्याच्याहून चांगले ठरवून झाल्यावर. पहिले वर्ष राखीव संघात गेले. तिथे त्याला मायकल ओलॉक्लिन भेटला, स्वान्सचा मूलनिवासी खेळाडू आणि पुढे कळले त्याप्रमाणे त्याच्याच नात्यातला. १९९९ मध्ये गुड्स पहिल्या संघात आला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. २००३ आणि २००६ मध्ये त्याने ब्राउनलो पदक मिळवले. या पदकाची रीत मला फार आवडते. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना गुण देतात, हंगामभराची बेरीज जाहीर होते, आणि ज्याच्यावर गैरवर्तनासाठी बंदी आली तो बाद होतो. म्हणजे नुसता चांगला नव्हे, सचोटीने खेळणारा हवा. २०१५ मध्ये लोक त्याला ‘चिडका’, ‘रडका’ म्हणत होते तेव्हा ही दोन पदके त्यांच्या लक्षात नसावीत.

स्वान्स क्लबची कप्तानी समजून घेतली पाहिजे, कारण ती आपल्या डोक्यातल्या कप्तानीपेक्षा वेगळी आहे. क्लब मूळचा मेलबर्नचा. १९८२ मध्ये तो सिडनीला हलवला. सिडनी हे रग्बीचे शहर, तिथे फुटीला कोण विचारतो? बरीच वर्षे संघ तळात होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशिक्षक पॉल रूस यांनी खेळाडूंनाच आपले नेते निवडायला लावले. एकच कर्णधार हुकूम सोडणार नाही, चार-सहा जणांचा गट संघाची शिस्त ठरवील, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या चुका पाठीमागे नव्हे, तोंडावर सांगायच्या. सोपे वाटते, पण शिक्षकांच्या खोलीत एकदा करून पाहा! २००५ मध्ये स्वान्सने वेस्ट कोस्टला अवघ्या चार गुणांनी, ५८-५४, हरवून अजिंक्यपद मिळवले. १९३३ नंतरचे ते पहिले, बहात्तर वर्षांनी आलेले.

२००९ मध्ये गुड्स ब्रेट कर्क आणि क्रेग बोल्टन यांच्याबरोबर सहकर्णधार झाला. ते दोघे निवृत्त झाल्यावर २०११ पासून जॅरड मॅकव्हे त्याच्या जोडीला आला. गुड्स मैदानावर आरडाओरडा करणारा नेता नव्हता. तरुण खेळाडूंना, विशेषतः दूरच्या वस्त्यांतून पहिल्यांदाच शहरात आलेल्या मूलनिवासी पोरांना, सांभाळून घेणारा होता. २९ सप्टेंबर २०१२ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नविरुद्ध दुसऱ्या पाळीत त्याच्या गुडघ्याचा मागचा अस्थिबंध फाटला. तो बाहेर बसला नाही. लंगडत खेळला, आणि शेवटच्या पाळीत सामना दोरीवर असताना गोल केला. स्वान्स ९१-८१ ने जिंकले. करंडक त्याने आणि मॅकव्हेने मिळून उचलला. त्या हंगामानंतर त्याने कर्णधारपद सोडले.

आणि मग, माझ्या मते, त्याची खरी कप्तानी सुरू झाली.

२४ मे २०१३. लीगची मूलनिवासी खेळाडूंच्या सन्मानाची फेरी. एमसीजीवर स्वान्सचा सामना कॉलिंगवुडशी. गुड्स सुरेख खेळत होता. शेवटच्या पाळीत सीमारेषेजवळ असताना कुंपणापलीकडून शब्द आला: ‘एप’. वानर. त्याने वळून पाहिले, ओरडणाऱ्या व्यक्तीकडे बोट दाखवले आणि सुरक्षारक्षकांना तिला बाहेर काढायला सांगितले. मग तो मैदान सोडून आत गेला. संघ जिंकला, पण जल्लोषात तो नव्हता. ती व्यक्ती तेरा वर्षांची मुलगी होती.

त्याने बोट दाखवले तेव्हा तिचे वय त्याला ठाऊक नव्हते. कळल्यावर दुसऱ्या दिवशी तो पत्रकारांसमोर आला. आपल्याला किती लागले, हे त्याने लपवले नाही. पण त्याच बैठकीत त्याने लोकांना विनंती केली की त्या मुलीला दोष देऊ नका, तिच्यामागे लागू नका, तिला आधार द्या. हा शब्द तिने शोधलेला नाही, आजूबाजूच्या जगाने तिला दिला आहे. मुलीने फोन करून माफी मागितली, पत्रही लिहिले. त्याच्या बाजूने विषय मिटला होता.

मी रोज तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर उभा राहतो. जातीवरून, धर्मावरून, रंगावरून त्यांच्या तोंडून काय काय बाहेर पडते ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. अशा वेळी बहुतेक जण दोनांपैकी एक करतात. ऐकून न ऐकल्यासारखे करतात, नाहीतर पोराला सगळ्यांसमोर सोलून काढतात. शब्दाला जागच्या जागी अडवायचे आणि लेकराला मात्र वाचवायचे, हे दोन्ही चोवीस तासांच्या आत करणे मला तरी फार अवघड वाटते. तेही स्वतः जखमी असताना.

कॉलिंगवुडचे तेव्हाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर सामना संपताच स्वान्सच्या खोलीत जाऊन माफी मागून आले होते. पाचच दिवसांनी रेडिओवर बोलताना त्यांनीच सुचवले की शहरात येऊ घातलेल्या ‘किंग काँग’ या संगीत नाटकाच्या जाहिरातीसाठी गुड्सला बोलवावे. मग पुन्हा माफी, पुन्हा खुलासा. मुलगी तेरा वर्षांची होती, असे म्हणता येत होते. मॅग्वायरचे वय काय होते?

जानेवारी २०१४ मध्ये गुड्सला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा देशाचा मोठा सन्मान मिळाला. सन्मान दिला जातो तो बहुधा आभार मानण्यासाठी. गुड्सने तो बोलण्यासाठी वापरला. २६ जानेवारी हा तिथला राष्ट्रीय दिवस, १७८८ मध्ये ब्रिटिशांचा ताफा सिडनीच्या खाडीत उतरला तो. आमच्या लोकांसाठी हा आनंदाचा दिवस नाही, अनेक जण त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात, हे त्याने सांगितले. वर्षभर तो इतिहासावर, तुरुंगांतल्या मूलनिवासींवर, रोजच्या वागण्यातल्या वंशवादावर बोलत राहिला. भाषा सौम्य होती, पण मुद्दा सोडला नाही. आणि त्याच हंगामात हुर्यो सुरू झाली.

२९ मे २०१५ रोजी सिडनीच्या मैदानावर, पुन्हा मूलनिवासी फेरीतच, कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्याने युद्धनृत्याचे चार पवित्रे केले. सोळा वर्षांखालच्या मूलनिवासी संघाच्या मुलांकडून तो ते शिकला होता. शेवटी विरोधी गॅलरीच्या दिशेने नसलेला भाला फेकल्याचा अभिनय केला. दुसऱ्या दिवसापासून गदारोळ. काहींना ते धमकीसारखे वाटले, काहींना अश्लाघ्य. न्यूझीलंडचा रग्बी संघ सामन्यापूर्वी डोळे वटारून, मांड्या थोपटून ‘हाका’ नाचतो तेव्हा हीच मंडळी टाळ्या वाजवतात. तिथे नाचणारे पाहुणे असतात. इथे घरचा माणूस नाचला होता, आणि घर कुणाचे हा प्रश्न त्याने मांडून ठेवला होता.

हुर्यो उडवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, आम्ही वंशवादी नाही. तो पंचांकडून फुकटची फ्री किक मिळवण्यासाठी पडण्याचे नाटक करतो. त्याने एका लहान मुलीला देशासमोर उभे केले. तो सन्मान घेऊन देशालाच नावे ठेवतो. आणि सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा असा की लीगमध्ये मूलनिवासी खेळाडू दहा टक्क्यांच्या आसपास आहेत, त्यांना कुठे आम्ही हुर्यो उडवतो? फक्त यालाच. मग वंशवाद कसा?

या शेवटच्या मुद्द्यातच त्याचे उत्तर आहे. इतर खेळत होते. हा खेळत होता आणि बोलत होता. गॅलरीला मूलनिवासी माणसाचे पाय हवे होते, त्याची उडी हवी होती, त्याचे गोल हवे होते. तोंड नको होते. ज्या समाजातले कलावंत आणि खेळाडू लोकांना आवडतात, पण त्यांनी आपल्या लोकांबद्दल एक वाक्य उच्चारले की कपाळाला आठ्या पडतात, अशा समाजातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

२६ जुलै २०१५ रोजी पर्थमध्ये वेस्ट कोस्टविरुद्ध कळस झाला. चेंडू गुड्सकडे आला की मैदान कोकलत होते. त्याचा सहकारी लुइस जेट्टाने गोल केल्यावर त्याच गर्दीसमोर युद्धनृत्य केले, मोठ्या भावासाठी धाकट्याने करावे तसे. त्या आठवड्यात गुड्सने रजा घेतली. पस्तीस वर्षांचा, दोन पदकांचा मानकरी, फाटक्या गुडघ्यावर अंतिम सामना खेळलेला माणूस आता मैदानावर जायला तयार नव्हता. लीगच्या प्रमुखांना या प्रकाराला वंशवाद म्हणायला इतके महिने लागले होते, आणि तेव्हाही शब्द तोलून-मापून आले.

१ ऑगस्टला स्वान्स त्याच्याविना सिडनीत खेळले. त्याचा जर्सी क्रमांक ३७. तिसऱ्या पाळीच्या सातव्या मिनिटाला सारे मैदान उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या आठवड्यात तो परतला. १९ सप्टेंबरला उपांत्य फेरीतच संघ हरला आणि त्याने कपड्यांच्या खोलीत सहकाऱ्यांना सांगितले की संपले. निवृत्त होणाऱ्या खेळाडूंना अंतिम सामन्याच्या दिवशी एमसीजीवर मिरवतात. तो गेला नाही.

सिडनीचे ते मैदान म्हणजे एससीजी. आपल्याला ते दुसऱ्या कारणाने आठवेल. १० जानेवारी २०२१, कसोटीचा चौथा दिवस. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज सीमारेषेवरून उठून कर्णधाराकडे आला. गॅलरीतून शिव्या येत होत्या, आणि वडील जाऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते. कर्णधार होता आपल्या संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे. त्याने सिराजला ‘सोडून दे’ म्हटले नाही. तो त्याला घेऊन पंचांकडे गेला, खेळ थांबला, पोलीस गॅलरीत शिरले. हवे तर मैदान सोडून जा, असा पर्याय पंचांनी दिला होता, रहाणेने तो नाकारला, असे सिराजने नंतर सांगितले. सहा प्रेक्षकांना बाहेर काढले गेले. पुढे चौकशीत त्या सहा जणांवर ठपका आला नाही, पण शिवीगाळ झाल्याचे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केले. आठ वर्षांपूर्वी गुड्सने दाखवलेले बोट एकट्याचे होते. सिराजच्या शेजारी त्याचा कर्णधार उभा होता.

ऑस्ट्रेलियाला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक आपले होते. त्याआधी वडोदऱ्यातही तेच घडले होते. छायाचित्रे निघाली तोवर ‘असे काही झालेच नाही’ म्हणणारेही आपल्याकडे कमी नव्हते.

२०१९ मध्ये गुड्सच्या शेवटच्या वर्षांवर एक माहितीपट आला. त्यात नवे निवेदन नाही, नव्या मुलाखती नाहीत. त्या काळातले सामने, बातम्या आणि टीव्हीवरच्या चर्चा ओळीने लावल्या आहेत, बस्स. तो प्रदर्शित होण्याच्या सुमारास लीगने आणि अठराही क्लबांनी मिळून बिनशर्त माफी मागितली. चार वर्षांनी. उर्दूत ‘बाद अज़ वक़्त’ म्हणतात, वेळ टळून गेल्यावर आलेले. २०२१ च्या सुरुवातीला कॉलिंगवुड क्लबमधल्या वंशवादावरचा अहवाल फुटला, त्यात हा दोष एकदोघांचा नसून संस्थेत मुरलेला आहे असे म्हटले होते, आणि काही दिवसांत मॅग्वायर अध्यक्षपदावरून पायउतार झाले. त्याच वर्षी लीगने गुड्सचे नाव ‘हॉल ऑफ फेम’साठी पुढे केले. खेळातला तो सर्वोच्च मान. त्याने तो नाकारला. कारणांचा पाढा वाचला नाही, पत्रकार परिषद घेतली नाही. लीगच्या अध्यक्षांनीच ते जाहीर केले आणि आणखी एकदा माफी मागितली.

काहींना हा नकार आढ्यता वाटला. मला तो त्याच्या कारकिर्दीशी सुसंगत वाटतो. माफी स्वीकारणे वेगळे आणि ज्यांनी माफी मागितली त्यांच्या भिंतीवर तसबीर होऊन लटकणे वेगळे. तसबीर झाला असता तर ‘झाले गेले विसरू’ म्हणायला सगळे मोकळे झाले असते.

२००९ मध्ये, कर्णधार झाला त्याच वर्षी, त्याने ओलॉक्लिनबरोबर मूलनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी एक संस्था सुरू केली होती, ‘गो फाउंडेशन’. शाळकरी मुलांपासून विद्यापीठापर्यंत शिष्यवृत्त्या देणारी. ती आजही चालू आहे. २०२१ मध्येच त्याने आणखी एक गोष्ट केली, एका लेखिकेबरोबर लहान मुलांसाठी चित्रांचे पुस्तक लिहिले. ब्रिटिशांनी हा खंड ज्या समजुतीने ताब्यात घेतला तिला लॅटिन भाषेत नाव आहे, टेरा नलियस, म्हणजे कुणाचीच नसलेली जमीन. पुस्तक अगदी सोप्या भाषेत, वाचायला नुकतेच शिकलेल्या मुलांना, ती जमीन तेव्हा कुणाची होती ते सांगते.